काचेवरच्या आकाशाची राखणदार

आकाशाचे छायाचित्र टिपण्याचे काम दुर्बीण करते. पण टिपलेले छायाचित्र जपून ठेवणे, त्यावरील प्रत्येक ताऱ्याची नोंद करणे आणि मागणी येताच हवी ती नोंद शोधून देणे, हे काम कोणाला तरी निगुतीने करावे लागते. आज त्यासाठी संगणक आहेत. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. या वेधशाळेच्या सर्वेक्षणातून एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट माहिती जमा होईल, असा अंदाज आहे. इतकी माहिती साठवायची कुठे आणि त्यातून नेमके ते हुडकायचे कसे, हा आजच्या खगोलशास्त्रापुढचा मोठा प्रश्न मानला जातो. मात्र हा प्रश्न आजचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेपुढे तो उभा ठाकला होता, आणि तेव्हा साठवणीचे माध्यम होते काच. ती काच वाचणाऱ्या, लावून ठेवणाऱ्या आणि राखणाऱ्या बाईंचे नाव विल्यमिना फ्लेमिंग. वेधशाळेत येण्यापूर्वी त्या वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण होत्या.

डंडी ते बोस्टन

विल्यमिना पेटन स्टीव्हन्स हिचा जन्म १५ मे १८५७ रोजी स्कॉटलंडमधील डंडी या बंदराच्या शहरात झाला. वडील लाकडी चौकटींवर कोरीवकाम आणि सोनेरी मुलामा करणारे कारागीर. त्या काळी नव्यानेच अवतरलेल्या छायाचित्रणकलेचाही त्यांना नाद होता. विल्यमिना सात वर्षांची असताना त्यांचे निधन झाले. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षापासून ती शाळेत स्वतः शिकता शिकता धाकट्या मुलांना शिकवू लागली. १८७७ मध्ये जेम्स फ्लेमिंग यांच्याशी तिचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी हे जोडपे नशीब काढण्यासाठी अमेरिकेत बोस्टनला आले.

नशिबात मात्र वेगळेच होते. विल्यमिनाबाई गरोदर असतानाच पतीने त्यांची साथ सोडली. परका देश, जवळ पैसा नाही, मायेचे माणूस नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या त्या तरुणीने मिळेल ते काम पत्करायचे ठरवले. बोस्टनशेजारच्या केंब्रिज गावात हार्वर्ड विद्यापीठाच्या वेधशाळेचे संचालक प्रा. एडवर्ड चार्ल्स पिकरिंग राहत असत. त्यांच्या घरी त्या घरकामाला लागल्या. १८७९ च्या ऑक्टोबरात त्यांना मुलगा झाला. बाळंतपणासाठी त्या डंडीला परतल्या होत्या. मुलाचे नाव त्यांनी एडवर्ड पिकरिंग असे ठेवले. अडल्या वेळी आधार देणाऱ्या माणसाचे ऋण त्यांनी असे फेडले. नंतर मुलाला काही काळ आप्तांकडे ठेवून त्या पुन्हा बोस्टनला आल्या आणि १८८१ मध्ये वेधशाळेच्या कायम सेवेत दाखल झाल्या.

हे कसे घडले याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. पुरुष सहायकांच्या चुकांना वैतागलेल्या पिकरिंग यांनी, यापेक्षा आपली स्कॉटिश मोलकरीण हे काम बरे करील, असे म्हटले म्हणे आणि ते खरे करून दाखवले. किस्सा मजेदार असला तरी फ्लेमिंगबाईंवर तो थोडा अन्याय करतो. शिक्षिकेचा अनुभव, सुवाच्य अक्षर, हिशेबाची तयारी आणि कमालीची चिकाटी ही शिदोरी त्यांच्यापाशी आधीपासूनच होती. पिकरिंग यांचे श्रेय एवढेच, की ती त्यांनी वेळीच हेरली.

काचेवर उतरलेले तारे

नेमक्या याच सुमारास खगोलशास्त्राची रीत पालटत होती. तोवर निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून बसत आणि दिसेल ते कागदावर टिपत. आता रासायनिक लेप दिलेल्या काचेच्या कोरड्या पट्ट्या मिळू लागल्या होत्या. अशी पट्टी दुर्बिणीला लावून तासभर प्रकाश पडू दिला, की डोळ्यांना न दिसणारे मंद तारेही तिच्यावर उमटत. एक पट्टी म्हणजे त्या रात्रीच्या आकाशाचा एक कायमचा तुकडा. तो कधीही, कितीही वेळा पुन्हा पाहता येणार होता.

न्यूयॉर्कचे डॉ. हेन्री ड्रेपर यांनी १८७२ मध्ये अभिजित ताऱ्याचा वर्णपट छायाचित्रात पकडला होता. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की त्याची पट्टी पसरते आणि तिच्यात काळ्या रेषा दिसतात. कोणत्या रेषा कुठे आहेत, यावरून तो तारा कोणत्या प्रकारचा हे ओळखता येते. १८८२ मध्ये ड्रेपर यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या पत्नी मेरी अ‍ॅना यांनी पतीचे अपुरे काम तडीस जावे म्हणून १८८६ पासून हार्वर्डला भरघोस अर्थसाह्य सुरू केले. साऱ्या आकाशातील ताऱ्यांचे त्यांच्या वर्णपटांनुसार वर्गीकरण करण्याचा संकल्प सोडण्यात आला.

पिकरिंग यांनी एक युक्ती केली. दुर्बिणीच्या भिंगापुढेच पातळ लोलक बसवला. त्यामुळे एकेका ताऱ्याचा वर्णपट घेत बसण्याऐवजी एकाच काचेवर शेकडो ताऱ्यांचे वर्णपट एकदम उमटू लागले. माहिती मिळवणे असे सोपे झाले आणि तिथेच खरी अडचण सुरू झाली. काचा जमा होण्याचा वेग त्या वाचण्याच्या वेगापेक्षा किती तरी अधिक होता. वर्णपट वाचण्याचे काम आधी नेटी फॅरर पाहत होत्या. १८८६ च्या अखेरीस विवाहानिमित्त त्यांनी नोकरी सोडली आणि हे काम फ्लेमिंगबाईंकडे आले.

बोलत्या 'कॉम्प्युटर'

त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द यंत्रासाठी नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरला जाई. हार्वर्डच्या अशा कॉम्प्युटर बहुतांशी स्त्रिया होत्या. त्या आठवड्याचे सहा दिवस, रोज सात तास काम करत. मोबदला तासाला साधारण २५ सेंट. पुरुषांपेक्षा स्त्रिया कमी पगारात मिळत, त्यामुळे तेवढ्याच पैशांत अधिक माणसे कामाला लावता येत, हा यामागचा सरळ हिशेब होता.

कामाची पद्धत मोठी शिस्तबद्ध होती. काच एका उतरत्या चौकटीत ठेवायची. खाली बसवलेल्या आरशातून खिडकीचा उजेड तिच्यावर पाडायचा. या काचा म्हणजे निगेटिव्ह. आकाश पांढरे आणि तारे काळे. त्यावर बोटाच्या पेराहूनही लहान अशा करड्या पट्ट्या. हातात भिंग घेऊन एकीने पट्टीतील रेषा वाचायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, दुसरीने वहीत लिहून घ्यायच्या. ताऱ्याचे स्थान जुन्या यादीशी ताडून पाहायचे. महत्त्वाचे काही आढळले, तर काचेच्या कोऱ्या बाजूवर शाईने खूण करायची.

वर्णपटांच्या प्रकारांना फ्लेमिंगबाईंनी इंग्रजी वर्णमालेतील 'ए' पासून 'क्यू' पर्यंतची अक्षरे दिली. त्यातून फक्त 'जे' वगळले. या पद्धतीने त्यांनी २८ हजारांहून अधिक वर्णपट तपासले आणि १०,३५१ ताऱ्यांची सूची सिद्ध केली. १८९० मध्ये ती प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर नाव पिकरिंग यांचे होते. कामाचा मोठा भाग फ्लेमिंगबाईंनी केल्याची नोंद आतल्या मजकुरात होती.

वर्णपट वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. काही ताऱ्यांचे तेज महिनोन्महिन्यांच्या अंतराने कमी-जास्त होते. अशा दीर्घकालीन रूपविकारी ताऱ्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा काळ्या न दिसता तेजस्वी दिसतात. मग असा वर्णपट दिसला, की त्या भागाच्या साऱ्या जुन्या काचा काढायच्या आणि तारा खरोखरच रूप बदलतो का ते पाहायचे, असा क्रम त्यांनी ठरवला. आजच्या भाषेत ही माहितीच्या साठ्यातून शोध घेण्याची पद्धतच होती. या वाटेने त्यांनी ३०० हून अधिक रूपविकारी तारे शोधले. शिवाय १० नवतारे आणि ५९ तेजोमेघही त्यांच्या खाती जमा आहेत.

विटांची कोठी

काच ही साठवणीला अवघड. जड, ठिसूळ आणि एकदा फुटली की गेलीच. वेधशाळेच्या जुन्या इमारतीत लाकूडकाम भरपूर असल्याने आगीचे भय सतत होते. म्हणून काचांसाठी स्वतंत्र विटांची इमारत बांधण्यात आली आणि १८९३ मध्ये त्या तिथे हलवण्यात आल्या. प्रत्येक काच कागदी पाकिटात उभी ठेवलेली. पाकिटावर दुर्बिणीचे अक्षर, काचेचा अनुक्रमांक, तारीख आणि आकाशाचा भाग. ही नोंद चुकली तर काच असूनही नसल्यासारखी होती. दक्षिणेचे आकाश टिपण्यासाठी पेरू देशातील आरेकिपा येथे हार्वर्डने ठाणे उभारले होते. तेथून काचांच्या पेट्या समुद्रमार्गे येत. त्या उघडणे, तपासणे, क्रमवार लावणे हे सारे फ्लेमिंगबाईंच्या देखरेखीखाली चाले.

या साठ्याचे मोल १८९३ मध्येच दिसून आले. ऑक्टोबरात पेरूहून आलेल्या काचा तपासताना त्यांना एक विलक्षण वर्णपट आढळला. तो नवताऱ्याचा होता. काच मात्र जुलैमध्ये घेतलेली. म्हणजे घटना घडली, टिपली गेली, समुद्र ओलांडून आली आणि तीन महिन्यांनी एका बाईने भिंगातून पाहिल्यावर जगाला कळली. दुर्बिणीपाशी बसलेल्या निरीक्षकाला तिचा पत्ताही नव्हता.

१८९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांची खगोलीय छायाचित्रांच्या अभिरक्षक म्हणून रीतसर नेमणूक केली. विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडून असे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

नाव हरवलेली नोंद

ज्यांचे सारे आयुष्य नोंदी ठेवण्यात गेले, त्यांच्या स्वतःच्या नावाची नोंद मात्र बराच काळ अपुरी राहिली. मृग नक्षत्रातील अश्वमुख तेजोमेघ आज खगोलप्रेमींच्या परिचयाचा आहे. उजळ पार्श्वभूमीवर उमटलेली घोड्याच्या डोक्याची ती काळी आकृती किती तरी पुस्तकांत छापली जाते. ६ फेब्रुवारी १८८८ रोजी पिकरिंग यांचे धाकटे बंधू विल्यम यांनी या भागाची काच घेतली होती. तिचा क्रमांक होता बी २३१२. त्या काचेवर तेजोमेघाच्या कडेला असलेली अर्धवर्तुळाकार काळी खाच प्रथम ध्यानात आली ती फ्लेमिंगबाईंच्या. पुढे ड्रेयर यांनी तेजोमेघांची जगन्मान्य सूची तयार केली. १८९५ मध्ये आलेल्या तिच्या पुरवणीत हार्वर्डच्या शोधांपुढे केवळ पिकरिंग एवढेच नाव पडले. १९०८ च्या दुसऱ्या पुरवणीत फ्लेमिंगबाईंना त्यांच्या शोधांचे श्रेय मिळाले. तथापि पहिल्या पुरवणीतील उणीव पुढेही दीर्घकाळ तशीच उतरवली गेली.

याहून बोचरा प्रश्न पगाराचा होता. १९०० साली हार्वर्डने भावी पिढ्यांसाठी एक पेटी तयार केली. विद्यापीठातील माणसांनी आपापल्या दिनक्रमाचे टिपण लिहून तिच्यात ठेवायचे होते. फ्लेमिंगबाईंनीही मार्च महिन्यातील दैनंदिनी लिहिली. तीत घरकाम आहे, मुलाची काळजी आहे, सहकारी स्त्रियांविषयी आपुलकी आहे. पण तिचा गाभा आहे तो थकव्याचा आणि मनातल्या खंतीचा. दिवसाचा मोठा भाग इतरांच्या मजकुराची मुद्रिते तपासण्यात जातो आणि स्वतःच्या रूपविकारी ताऱ्यांच्या कामाला वेळ उरत नाही, हे त्यांनी नोंदवले. त्यांचा वार्षिक पगार १५०० डॉलर होता, तर पुरुष सहायकांना २५०० डॉलर मिळत. त्यांनी हा विषय पिकरिंग यांच्याकडे काढला, तेव्हा स्त्रियांच्या मानाने हा पगार उत्तमच आहे, असे त्यांना ऐकवण्यात आले. घर चालवायचे, मुलाला बोस्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे, हा भार पुरुषांसारखाच आपल्यावर आहे, याचा विचार कोणी करतो का, असा त्यांचा सवाल होता. काम सोडून द्यावे, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

ज्या माणसाचे नाव त्यांनी मुलाला दिले, त्याच्याविषयीची ही तक्रार होती. पिकरिंग यांनी त्या काळात स्त्रियांना वेधशाळेचे दार उघडून दिले, त्यांचे काम छापील अहवालांतून गौरविले, हे खरेच. पण दार उघडणाऱ्यालाही आत आलेल्या माणसाच्या श्रमाचे पुरते मोल देता आले नाही, हेही तितकेच खरे. फ्लेमिंगबाईंनी काम सोडले नाही. तक्रार मात्र शब्दांत लिहून पुढच्या पिढ्यांच्या हवाली केली.

एका प्रश्नाचे उत्तर

मान्यता हळूहळू आली. १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. १९०७ मध्ये त्यांनी शोधलेल्या २२२ रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. याच वर्षी त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या.

१९१० मधील एक प्रसंग त्यांच्या कामाचे सार सांगणारा आहे. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल हार्वर्डला आले होते. ताऱ्यांचा रंग आणि त्यांचे खरे तेज यांचा संबंध ते शोधत होते. अंधूक तारे तांबूस असतात, असे त्यांच्या पाहण्यात आले होते. बोलता बोलता चाळीस एरिडानी या ताऱ्याच्या मंद सोबत्याचा विषय निघाला. पिकरिंग यांनी फ्लेमिंगबाईंकडे विचारणा केली. थोड्याच वेळात त्यांच्याकडून उत्तर आले. तारा 'ए' प्रकारचा होता, म्हणजे अतिशय तप्त आणि शुभ्र. इतका मंद तारा इतका तप्त असूच नये, असे तेव्हाचे ज्ञान सांगत होते. रसेल चक्रावले. आज अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याच्या जवळपास. पुढे १९३० च्या दशकात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी याच ताऱ्यांच्या वस्तुमानाची कमाल मर्यादा गणिताने सिद्ध केली. या साऱ्या कथेच्या आरंभी एक काच आहे, आणि अगणित काचांतून ती चटकन काढून देणारी एक व्यवस्था आहे.

पुढच्याच वर्षी, २१ मे १९११ रोजी, न्यूमोनियाने फ्लेमिंगबाईंचे बोस्टनमध्ये निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या ५४ वर्षांच्या होत्या. विलक्षण वर्णपटांच्या ताऱ्यांवरील त्यांचे काम १९१२ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

काचेकडून संगणकाकडे

त्यांच्यानंतर काचांची राखण अ‍ॅनी जंप कॅनन यांच्याकडे आली. फ्लेमिंगबाईंची अक्षरे कॅनन यांनी निवडून, नव्या क्रमाने लावली. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही मालिका आजही खगोलशास्त्राचे विद्यार्थी पाठ करतात. १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या हेन्री ड्रेपर सूचीत सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण आहे. त्या इमारतीचा पाया १८९० च्या दहा हजार ताऱ्यांच्या सूचीने घातला होता.

हार्वर्डचा काचसंग्रह पुढे पाच लाखांवर गेला. एकविसाव्या शतकात या काचा संगणकावर आणण्याचे काम हाती घेण्यात आले आणि २०२४ मध्ये सुमारे ४ लाख ३० हजार काचांचे स्कॅनिंग पूर्ण झाले. वाटेत विघ्नेही आली. जानेवारी २०१६ मध्ये जलवाहिनी फुटून कोठीत पाणी शिरले आणि सुमारे ६१ हजार काचा भिजल्या. आणखी एक पेच होता. तारे स्वच्छ दिसावेत म्हणून काचेच्या मागील बाजूवरील शाईच्या खुणा पुसणे भाग होते. त्या खुणा म्हणजे फ्लेमिंगबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाताची निशाणी. तेव्हा पुसण्यापूर्वी खुणांसह प्रत्येक काचेचे छायाचित्र घेण्यात आले. ऐतिहासिक महत्त्वाच्या काही काचा मात्र खुणांसह तशाच राखल्या गेल्या.

साठवलेल्या आकाशातून शोध लागतो, हे फ्लेमिंगबाईंनी दाखवलेले तत्त्व आता जगभर रुळले आहे. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या स्लोन सर्वेक्षणाने आपला साठा साऱ्या जगाला खुला केला. त्याच साठ्याचा वापर करून पुण्याच्या आयुका संस्थेतील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेला दीर्घिकांचा महासमूह शोधला आणि त्याला सरस्वती असे नाव दिले. दुर्बीण अमेरिकेत, शोध पुण्यात. आरेकिपाची काच केंब्रिजमध्ये वाचण्याचाच हा नवा अवतार.

हार्वर्डच्या कॉम्प्युटर स्त्रियांनी लिहिलेल्या अडीच हजारांवर वह्याही आता उजेडात येत आहेत. त्या स्कॅन करण्यात आल्या असून हौशी स्वयंसेवकांनी त्यांतील मजकूर उतरवून काढण्यास हातभार लावला आहे. कोणत्या वहीत कोणाचे काम आहे, ते शोधून खगोलशास्त्राच्या संदर्भसूचीत त्या स्त्रियांच्या नावे नोंदवावे, हा या उपक्रमाचा हेतू आहे. दहा हजार ताऱ्यांना त्यांची जागा मिळवून देणाऱ्या विल्यमिना फ्लेमिंग यांना सूचीतील त्यांची हक्काची जागा मिळत आहे, ती शंभराहून अधिक वर्षांनंतर. त्यासाठीही उपयोगी पडल्या त्या त्यांनीच नेटकेपणाने लिहून आणि लावून ठेवलेल्या वह्या.